‘उदोउदो’ची व्युत्पत्ती

‘त्या खेळाडूचा उगाच उदोउदो चाललाय’ असं आपण म्हणतो. यातला उदो म्हणजे नेमकं काय? देवीच्या गोंधळात ऊद जाळतात, त्यावरून आला का?

– नाही, ऊद वेगळा. तो अरबी ‘ऊद’, म्हणजे अगराचं सुगंधी लाकूड. आपली उदबत्ती त्यातलीच.

उदो आला ‘उदय’वरून. प्राकृतात मधला य गळतो आणि पुल्लिंगी प्रथमेला शेवटी ओ येतो: उदयः, उदओ, उदो. नवरात्रातली आरती आठवा, ‘उदो बोला उदो अंबाबाई माउलीचा हो’. इथला ‘माउलीचा’ महत्त्वाचा. उदो हे नुसतं उद्गारवाचक असतं तर ‘चा’ लागला नसता. माउलीचा उदय असो, असा तो पुकारा आहे. त्याच आरतीत ‘उदोकारे गर्जती’ही येतं, म्हणजे जयजयकारासारखा उदोकार. तुळजापुरात मात्र ‘आई राजा उदो उदो’ असं ऐकाल. तिथे देवीलाच हाक घातलेली असते.

– मग देवीचा उदो माणसाच्या वाट्याला येताना एवढा कडवट कसा झाला? ‘जयजयकार’ तर अजून सरळ अर्थानं वापरता येतो.

– माझ्या मते कारण तेच. जय राजाचाही होत आला, सैन्याचाही. उदो देवीच्या दारातला. तो एखाद्या पुढाऱ्यापुढे घातला की घालणारा भक्त ठरतो आणि पुढारी फुकटचा देव. म्हणून शब्दातला टोमणा बहुतेकदा स्तुती करणाऱ्याला लागतो. ज्याची स्तुती झाली तो कधीकधी खरोखर गुणी असतो. वापरून बघा: ‘समीक्षकांनी कादंबरीचा उदोउदो केला’ म्हटलं की कादंबरीपेक्षा समीक्षकांवरच शंका येते. सत्काराच्या भाषणात ‘आज आपण सरांचा उदोउदो करायला जमलो आहोत’ म्हणा, सर पुन्हा बोलावणार नाहीत! आणि स्वतःबद्दल गंभीरपणे ‘मी उदोउदो करतो’ असं कुणी म्हणत नाही. तो कायम दुसरेच करतात.

– लिहायचं कसं? जोडून की तोडून?

– देवीचा पुकारा असेल तर ‘उदो उदो’. नाम म्हणून वापरताना मी ‘उदोउदो’ असं जोडून लिहितो. पुल्लिंगी, एकवचनी: उदोउदो झाला.

– आणि ‘वाहवा’?

– ती स्त्रीलिंगी, फारसीकडून आलेली, आणि मिळाली तर कुणालाही आवडते.