मदत हवी आहे: आई-वडिलांची खासगी पॉलिसी चालू ठेवू की सरकारी योजनेवर भागवू?

मंडळी,

आई-अण्णांच्या मेडिक्लेमचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. हप्ता आलाय ४९,००० रुपये. २०२२ मध्ये हीच पॉलिसी जीएसटी धरून ३४ हजारांत बसत होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय, तरीही हा आकडा. म्हणजे मूळ दर किती चढला ते बघा.

परिस्थिती अशी. अण्णा ७२ वर्षांचे, साखर कारखान्यातून निवृत्त, बीपीची गोळी चालू. आई ६६ वर्षांची, बरीच वर्षं मधुमेह, गुडघे कुरकुरतात. माझं कराडजवळ फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप. पावसाळ्यात काम थंड असतं आणि हप्ता नेमका तेव्हाच येतो. पॉलिसी दोघांत मिळून ५ लाखांची, २० टक्के को-पे (मंजूर बिलातला तेवढा वाटा आपला), खोलीभाड्याला रोज विमा रकमेच्या १ टक्क्याची मर्यादा. घरात केशरी रेशनकार्ड.

गावात ज्याला विचारावं तो म्हणतो, "अरे, महात्मा फुले योजनेत ५ लाख फुकट आहेत, अण्णांना आयुष्मानच्या वय वंदना कार्डाचे वेगळे ५ लाख. कशाला कंपनीला पैसे चारतोस?" एजंट म्हणतो, "साहेब, सरकारी योजनेच्या भरवशावर राहू नका." एजंटाला कमिशन आहे आणि गावाला पॉलिसीतलं काही कळत नाही, म्हणून इथे विचारतोय.

खासगी बंद केली तर नेमकं काय गमावेन? ज्यांनी योजनेतून प्रत्यक्ष उपचार घेतलेत त्यांचं ऐकायला जास्त आवडेल. दर महिन्याची औषधं-तपासण्या यांचा खर्च दोन्हीकडे मिळत नाही, तो मी हिशोबात धरलेलाच नाही.

खडीसाखर:
पहिलं काम, पॉलिसी तडकाफडकी बंद करू नका. आईंना मधुमेह आहे. आज सोडली आणि दोन वर्षांनी परत घ्यावीशी वाटली, तर आधीच्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंतचा प्रतीक्षा कालावधी (त्यात त्या आजारांचे पैसे मिळत नाहीत) नव्याने सुरू होऊ शकतो. शिवाय तेव्हा कंपनी घेईल की नाही हा प्रश्न वेगळाच. एप्रिल २०२४ पासून ६५ ची वयोमर्यादा उठली खरी, पण अर्ज नाकारायचा अधिकार कंपनीकडे अजून आहेच.

फुले योजनेत, आयुष्मानमध्ये हा प्रश्न नाही. जुना आजार पहिल्या दिवसापासून चालतो.

बिलिंगवाली_ताई:
मी एका खासगी रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवर आहे. आमच्याकडे योजनाही आहे आणि कॅशलेस विमाही, त्यामुळे दोन्ही रोज बघते.

योजनेत ५ लाख ही वरची मर्यादा. प्रत्यक्षात प्रत्येक उपचाराचं पॅकेज ठरलेलं असतं. तुमचा उपचार यादीत असला आणि रुग्णालय योजनेत असलं, तर पेशंटला खिशातून काही द्यावं लागता कामा नये. पण बेड जनरल वॉर्डचा. काही उपचार तर सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत, ते आमच्याकडे होतच नाहीत. नातेवाईक रागावतात, "बाहेर बोर्ड लावलाय ना?" म्हणतात. बोर्ड खरा आहे, यादी वेगळी आहे. म्हणून आजार ठरला की आधी आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाकडे जायचं. टेबल दाराशीच असतं. रेशनकार्ड, आधार दाखवून विचारायचं की हे इथे बसतं का. घरबसल्या विचारायचं तर १५५३८८ लावा.

आता खासगीबद्दल. तुम्ही १ टक्का खोलीभाडं लिहिलंय, म्हणजे रोज ५,०००. समजा घाईत ८,००० ची खोली घेतली. लोकांना वाटतं वरचे रोजचे तीन हजारच आपले. तसं नाही. सर्जनची फी, ओटी चार्जेस हेही त्याच प्रमाणात कापले जातात. १,२०,००० असतील तर धरतात ७५,०००. त्यावर तुमचा २० टक्के को-पे, म्हणजे हातात ६०,०००. औषधं, इम्प्लांट, तपासण्या या प्रमाणातल्या कपातीत येत नाहीत, पण को-पे त्यांनाही लागतो. डिस्चार्जच्या दिवशी हे समजावून सांगताना माझा घसा बसतो.

मुकाट_वाचक:
ताईंचा प्रतिसाद जपून ठेवावा असा.

आणखी एक. १ जुलै २०२४ पासून फुले योजना पांढऱ्या कार्डवाल्यांनाही लागू आहे, त्यामुळे केशरी-पांढरं याची चिंता नको. पण ते ५ लाख अख्ख्या कुटुंबाचे आहेत, तुम्ही-मुलं सगळे त्यातच. अण्णांचं वय वंदना कार्ड वेगळं. ते ७० च्या पुढच्यांना उत्पन्न न बघता मिळतं आणि खासगी पॉलिसी असली तरी चालतं. आधारवरची जन्मतारीख मात्र तपासा. आपल्याकडे निम्मी पिढी १ जूनला जन्मलेली आहे, गुरुजींची कृपा. आमच्या वडिलांचं खरं वय ७१, आधारवर ६९, बसलोय वाट बघत.

फाटका_छत्रीवाला:
मी विरुद्ध बाजूने बोलतो. योजना फुकट आहे हे खरं, पण रात्री दोन वाजता छातीत दुखायला लागलं तर तुम्ही यादी बघणार की गाडी काढणार? माझ्या चुलत्यांना जवळच्या दवाखान्यात नेलं. तो योजनेत नव्हता. बिल भरलं, पॉलिसीमुळे तरलो. ४९ हजार जास्तच आहेत, पण शून्य हप्ता म्हणजे शून्य खर्च नव्हे.

बिलिंगवाली_ताई:
@फाटका_छत्रीवाला, मान्य. म्हणूनच आजारपण यायच्या आधी एकदा बघून ठेवा की घरापासून जवळचं, चोवीस तास चालणारं, हृदयाचं काम करणारं कोणतं रुग्णालय योजनेत आहे. कराड-साताऱ्याकडे निदान शोधायला वाव आहे. आडगावात असाल तर पॉलिसी असूनही गाडी तितकीच पळवावी लागते.

धागालेखक:
सगळ्यांचे आभार. खोलीभाड्याच्या कपातीचं तर माहीतच नव्हतं.

एक विचार डोक्यात आलाय: ५ लाखांच्या डिडक्टिबलची सुपर टॉप-अप (पहिले ५ लाख सोडून वरचंच बिल देणारी पॉलिसी) घ्यायची आणि खालचे ५ लाख योजनेवर सोडायचे. हप्ता फारच कमी पडेल. चालेल का?

खडीसाखर:
कागदावर छान दिसतं, जुळत नाही. योजनेतून भरती झालात की सगळं पॅकेजवर चालतं. त्याच भरतीचं अर्धं बिल योजनेला आणि वरचं टॉप-अपला, अशी फोड होत नाही. डिडक्टिबल स्वतःच्या खिशातून किंवा दुसऱ्या पॉलिसीतून भरता आलं पाहिजे. ५ लाख बाजूला पडलेले असतील तर खुशाल घ्या.

त्यापेक्षा दरवाढीचं कंपनीला विचारा. जानेवारी २०२५ पासून साठीपुढच्यांचा हप्ता नियामकाशी सल्लामसलत केल्याशिवाय वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. तुमची बरीचशी वाढ त्याआधीची असेल, पण शेवटच्या वर्षाची पावती काढून बघा आणि जास्त दिसली तर लेखी खुलासा मागा. दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायला दीड महिना आधी अर्ज लागतो, ती गाडी यंदा सुटलीच म्हणायची.

मुकाट_वाचक:
आरोग्य संजीवनीचाही दर काढून ठेवा. एप्रिल २०२० पासूनची प्रमाणित पॉलिसी, सगळ्या कंपन्यांत अटी सारख्याच. को-पे फक्त ५ टक्के. खोलीला २ टक्के, पण रोज ५,००० च्या वर नाही. मोतीबिंदूला एका डोळ्यामागे ४०,००० किंवा विमा रकमेच्या २५ टक्के, जे कमी ते. दिखाऊ काही नाही, कामाचं आहे. तुमच्याच कंपनीत तिच्यावर जाता येत असेल तर यंदाच जमेल, प्रतीक्षा कालावधीही वाया जात नाही.

आणि जुन्या करप्रणालीत असाल तर ज्येष्ठ आई-वडिलांच्या आरोग्य विम्यासाठी ५०,००० पर्यंतची वजावट धरा. नव्यात ती नाही. वर्कशॉपचं रिटर्न भरणाऱ्याला विचारा, ४९ हजारांचा खरा भार त्यावर ठरतो.

धागालेखक:
रिटर्न नव्या प्रणालीत जातं, सूट नाही. कंपनीला फोन केला. आईला स्वतंत्र पॉलिसीवर हलवलं तर हप्ता साधारण २४ हजार, जुनी वर्षं धरली जातील म्हणाले. अण्णांना योजना आणि वय वंदनावर ठेवायचं आणि आईची खासगी, ती ७० ची होईपर्यंत, असं मनात आहे. वाचणाऱ्या २५ हजारांची अण्णांच्या नावाने आवर्ती ठेव.

फाटका_छत्रीवाला:
अण्णांचं मला अजून पटत नाही, पण जमाखर्च तुमचा. निदान आवर्ती ठेव मुलांच्या फीला मोडू नका.

खडीसाखर:
"धरली जातील" हे फोनवर ऐकू नका, मेलवर घ्या. पॉलिसी हातात आली की आईंच्या नावापुढे पहिल्या विम्याची जुनी तारीख छापली आहे का बघा. नसेल तर ३० दिवसांच्या फ्री-लूकमध्येच (पॉलिसी परत करता येते त्या मुदतीत) भांडा. आणि आईंचं स्वतंत्र कागदपत्र येईपर्यंत जुन्या पॉलिसीची तारीख उलटू देऊ नका. वार्षिक हप्ता भरायला ३० दिवसांची जादा मुदत असते, पण त्या दिवसांत भरती झाली तर कंपनी हात वर करते.