मदत हवी आहे : स्प्रिंगवाल्या एअर रायफलला स्कोप (नेम धरायची दुर्बीण), साधा दणकट की सगळ्या सोयींचा?

नमस्कार मंडळी. राहायला ठाण्यात, कोपरीला. मुरबाडकडे गावच्या घरामागे मातीचा उंच बांध आहे, तिथे सुट्टीत कागदी टार्गेटवर नेमबाजी चालते. रायफल .१७७ ची (नळीचा व्यास, इंचात), नळी वाकवून छर्रा भरायची. अंतर २० मीटर, फार तर २५. (शिकार नाही हो, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती बंदच आहे. त्यावरून धागा भरकटवू नका.)

सध्याचा स्कोप ३-९×४० (३ ते ९ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ४० मिमी), मूळचा मोठ्या रायफलसाठीचा. त्याचा पॅरॅलॅक्स १०० यार्डांवर बांधलेला, म्हणजे त्याच अंतरासाठी जुळवलेला, त्यामुळे जवळच्या टार्गेटवर डोकं जरा हललं की क्रॉसहेअर (नेमाची फुली) सरकतो. ९ वर नेला तर सगळंच धूसर. आता तर झिरोही (जुळवलेला नेम) टिकत नाही. परवा नेम सरकवायची चकती डावीकडे चार क्लिक फिरवली, छर्रा ढिम्म जागेवर. पाचव्या क्लिकला दोन बोटं उडी! माउंटच्या (स्कोप धरणाऱ्या पकडीच्या) कडेला रेलवर, म्हणजे रायफलवरच्या खाचेच्या पट्टीवर, पेनाने रेघ मारली होती, माउंट तसूभरही हललेलं नाही. म्हणजे दुखणं आतलंच.

बजेट आठ हजार. एक आहे साधा ४×३२, एअर रायफलसाठीच बनवलेला, ना झूम ना दिवा. दुसरा ६-२४×५०, लाल-हिरवी उजळणारी रेटिकल (तीच नेमाची फुली), फोकसची रिंग. भाचा दुसऱ्यावर फिदा. मला शंका येते की एवढ्या पैशात इतकं सगळं देतात तर हात कुठे आखडला असेल? वापरणाऱ्यांनी सांगा. शिवाय पावसाळ्यात बुरशीचं काय करता?

प्रतिसाद :

दादा, शंका रास्त आहे. स्प्रिंगची रायफल आधी मागे ढकलते, मग आतला दट्ट्या (पिस्टन) पुढे जाऊन थांबला की पुढे हिसका देते. मोठ्या रायफलचा स्कोप मागचा धक्का सोसायला बनवलेला असतो, हा उलटा हिसका त्याला खिळखिळा करतो. २४ पटीवर ५० ची काच डोळ्याला जेमतेम २ मिमी रुंद उजेडाचा झोत देते, ४×३२ तब्बल ८ मिमीचा. संध्याकाळी फरक कळेल. सोयींपैकी फोकसची रिंग तेवढी कामाची, पॅरॅलॅक्स तिनेच अंतराप्रमाणे जुळवता येतो, १० यार्डांपर्यंत उतरणारी असेल तर. ती असलेला ४ पटीचा मिळाला तर डोळे झाकून घ्या. माउंट मात्र एकसंध, स्टॉप पिनवालं (रेलच्या भोकात बसून माउंटला सरकू न देणारी पिन).

बुरशीचं म्हणाल तर नायट्रोजन भरलेला स्कोप आतून धुरकटत नाही, पण बाहेरच्या काचेला त्याचा उपयोग शून्य. फोमच्या पेटीत ठेवू नका, ओल धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

तुमची रेल ११ मिमीचीच आहे ना? आणि पिनसाठी वर भोक आहे का? मोजून सांगा, मग माउंटचं बघू.