म्हशाच्या बाजारात वाटाड्याचा उपयोग
ठाण्याहून मुरबाडमार्गे म्हसा या गावच्या यात्रेला स्वतःच्या गाडीने जाता येत असताना मार्गदर्शित सहलीचे पैसे कशाला मोजायचे, हा काहींचा मुद्दा रस्त्यापुरता मान्य आहे, यात्रेतल्या बैलबाजारापुरता नाही. पौष पौर्णिमेच्या त्या यात्रेत दोन माणसे उपरण्याखाली हात घालून मुकाट्याने एकमेकांची बोटे दाबत उभी होती, आणि तिथे बैलाचा भाव ठरतो आहे हे वाटाड्याने सांगेपर्यंत माझ्या लक्षातही आले नव्हते. ‘आदत’ म्हणजे दुधाचे दात न पडलेला आणि ‘जुळलेला’ म्हणजे पुढचे आठही पक्के दात आलेला, हेही त्याने एका खोंडाचा ओठ उचलूनच दाखवले. घोंगडी मात्र मी स्वतः घासाघीस करून घेतली, आणि ती बहुधा महागच पडली.