'धोका ३१ टक्क्यांनी कमी होतो' हे वाक्य नेमकं कसं वाचायचं?

अर्धविराम

कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांबद्दल 'धोका ३१ टक्क्यांनी कमी' असं वारंवार वाचायला मिळतं, म्हणून त्यामागचा १९९५चा मूळ अभ्यास उघडला. पश्चिम स्कॉटलंडमधले ४५ ते ६४ वयाचे, कोलेस्टेरॉल जास्त असलेले पण आधी झटका न आलेले ६,५९५ पुरुष. सरासरी ४.९ वर्षांत प्रावास्टॅटिन हे स्टॅटिन घेणाऱ्या ३,३०२ पैकी १७४ जणांना हृदयविकाराचा झटका किंवा हृदयरोगाने मृत्यू आला. प्लासिबोवरच्या, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी घेणाऱ्या, ३,२९३ मध्ये हा आकडा २४८ होता. म्हणजे ५.३ टक्के आणि ७.५ टक्के, फरक सव्वादोन टक्क्यांचा. मग ३१ आले कुठून?

दुसरं असं, की 'संशोधनाने सिद्ध' असा कुठल्याही उपचाराचा दावा समोर आला तर आधी काय तपासायचं आणि नंतर काय? कानदुखीवरची अँटिबायोटिक्स, पाठदुखीवर पॅरासिटामॉल, गुडघ्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया अशा नेहमीच्या उपचारांवरून सांगितलंत तर बरं होईल.

शतमान

३१ खोटे नाहीत. साडेसातचे सव्वापाच झाले, म्हणजे मूळ धोक्यातला साधारण ३० टक्के भाग गेला. कोणाला किती दिवसांनी झटका आला तेही हिशेबात धरलं की ३१ येतात. हा सापेक्ष फरक. तुम्ही काढलात तो निव्वळ फरक. दोन्ही एकाच आकडेवारीतून येतात, पण जाहिरातीत आणि बातमीत पहिलाच छापला जातो. दुसराही शेजारी छापायला हवा, याबाबत माझं मत ठाम आहे.

शंभर माणसं डोळ्यांपुढे आणा. पाच वर्षांत त्यांतल्या ९२-९३ जणांना गोळीविनाही काही होणार नव्हतं. पाच जणांना गोळी घेऊनही झटका येतो. दोघांचा टळतो. निव्वळ फरकाने १०० ला भागा: १०० भागिले २.२६ म्हणजे ४४. सुमारे पाच वर्षं ४४ जणांनी गोळी घेतली तर एकाचा फायदा. 'पाच वर्षं' हे शब्द गाळले तर ४४ हा आकडा निरर्थक होतो आणि नेमके तेच गाळले जातात. शिवाय ४४ हा काही एकच पक्का आकडा नव्हे. त्या अभ्यासात ३१ टक्क्यांची ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरा टक्का ज्या पट्ट्यात असावा असं मानतात तो पट्टा, १७ ते ४३ होती. तिच्यावरून हिशेब केला तर ४४ च्या जागी खरा आकडा ३१ ते ७८ जण यांमध्ये कुठेही असू शकतो.

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट. सापेक्ष फरक माणसामाणसांत फारसा बदलत नाही असं सहसा दिसतं. निव्वळ फरक मात्र ज्याच्या त्याच्या मूळ धोक्यावर ठरतो. आधी झटका येऊन गेलेल्या एखाद्याचा पाच वर्षांतला धोका २० टक्के धरला, तर ३० टक्के घट म्हणजे शंभरात सहा जण वाचतात आणि १७ मागे एकाला फायदा होतो. ज्याचा मूळ धोका २ टक्केच आहे, तिथे १६७ मागे एक. गोळी तीच, टक्काही तोच. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न 'औषध चांगलं आहे का' हा नको, 'काहीच घेतलं नाही तर माझा धोका किती' हा विचारा.

अपायही याच मापाने मोजा. लहान मुलांच्या कानदुखीवर, म्हणजे मधल्या कानाच्या तीव्र संसर्गावर, कॉक्रेन या सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा आढावा आहे. २० मुलांना अँटिबायोटिक दिलं तर दोन-तीन दिवसांनी एकाचं दुखणं जास्तीचं थांबलेलं असतं, आणि १४ मुलांना दिलं तर एकाला उलट्या, जुलाब किंवा पुरळ येतं. ६० टक्के मुलांचं दुखणं औषध दिलं न दिलं तरी २४ तासांत कमी होतं. 'अँटिबायोटिकने कानदुखी कमी होते' हे वाक्य खरंच आहे, पण हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावर ते वेगळं ऐकू येतं.

तळटीप

हिशेब मांडण्याआधी एक गोष्ट बघावी लागते: अभ्यासात मोजलं काय? माणूस जगला का, चालला का, दुखणं थांबलं का, की नुसता रिपोर्ट सुधारला?

हृदयविकाराच्या झटक्यानंतर काहींचे ठोके मध्येच जास्तीचे पडतात आणि अशांना मृत्यूचा धोका जास्त असतो. फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड ही औषधं ते जास्तीचे ठोके दाबतात. मग ती द्यायचीच, हा तर्क इतका सरळ होता की ती सर्रास दिली जात होती. कास्ट या चाचणीत तर ज्यांचे ठोके औषधाने दाबले जातात हे आधी दिसलं होतं, तेच रुग्ण घेतले. सरासरी दहा महिन्यांत औषधावरचे ७५५ पैकी ६३ दगावले, प्लासिबोवरचे ७४३ पैकी २६. ईसीजी सुधारला आणि माणसं गेली.

त्यानंतर तुलना कोणाशी केली ते बघा. पाळी गेल्यानंतर हार्मोन घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी होतो, असं निरीक्षणांमध्ये वर्षानुवर्षं दिसत होतं. पण स्वतःहून हार्मोन घेणाऱ्या बायका मुळातच जास्त सुस्थितीतल्या आणि तब्येतीला जपणाऱ्या होत्या. १६,६०८ जणींना चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत विभागलं तेव्हा २००२ साली उलटंच दिसलं: इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन घेणाऱ्या १०,००० जणींमागे वर्षाला हृदयरोगाचे ७, पक्षाघाताचे ८, फुप्फुसात गुठळीचे ८ आणि स्तनाच्या कॅन्सरचे ८ प्रसंग जास्त. मांडीच्या हाडाच्या खुब्याकडची मोडतोड ५ ने आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर ६ ने कमी.

'रँडमाइज्ड' एवढा शब्द वाचून मात्र थांबू नका. पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरला आधी कळता कामा नये. एक या गटात, एक त्या गटात अशी आळीपाळीची वाटणी असेल तर ते कळतंच. मग ज्याची तब्येत बरी वाटते त्याला नव्या औषधाच्या वेळी भरती केलं जातं, बहुतेकदा चांगल्याच हेतूने. पातळ कागदाची पाकिटं उजेडासमोर धरून आतली चिठ्ठी वाचल्याचे प्रकार झाले आहेत. म्हणून 'पद्धत' या भागात दोन ओळी शोधा: वाटणीची यादी कोणी बनवली, आणि ती लपवली कशी. त्या ओळी सापडल्या नाहीत तर माझा विश्वास तिथेच कमी होतो.

उलटपान

वरच्या दोघांच्या म्हणण्यात भर एवढीच, की हे सगळं छापून आलेल्या अभ्यासांना लागू. न छापलेल्यांचं काय? नैराश्यावरच्या औषधांच्या, अमेरिकेच्या एफडीएकडे (औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेकडे) नोंदलेल्या ७४ चाचण्या २००८ मध्ये तपासल्या गेल्या. एफडीएच्या मते ३८ चे निकाल औषधाच्या बाजूने होते, त्यांतल्या ३७ छापल्या गेल्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच नाहीत, ११ अनुकूल वाटतील अशा रीतीने छापल्या आणि ३ जशा होत्या तशा. औषधं निकामी आहेत असा याचा अर्थ नाही. परिणाम होता, पण छापील निबंध वाचून वाटतो त्यापेक्षा लहान.

तपासायची रीत सोपी आहे. गोषवाऱ्याच्या शेवटी चाचणीचा नोंदणी क्रमांक असतो. तो क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह किंवा ज्या नोंदवहीचा असेल तिथे टाका, नोंदीतल्या बदलांचा इतिहास उघडा आणि पहिल्या दिवशी मुख्य निकष म्हणून काय लिहिलं होतं ते बघा. तिथे 'एका वर्षातले मृत्यू' आणि निबंधात 'तीन महिन्यांतलं जीवनमान' असेल, तर मुख्य निकालाचं काय झालं ते विचारायलाच हवं.

उपगटांपासूनही, म्हणजे रुग्णांचे नंतर वय, लिंग असे पाडलेले छोटे गट यांपासूनही, सावध. १९८८च्या इसिस-२ या चाचणीत झटका आलेल्या १७,१८७ रुग्णांत ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतले रक्तवाहिन्यांशी संबंधित मृत्यू ११.८ वरून ९.४ टक्क्यांवर आले. तेवढ्यातही राशींप्रमाणे गट पाडल्यावर मिथुन आणि तूळ राशीवाल्यांना ॲस्पिरिन किंचित अपायकारक दिसलं. संशोधकांनी ते मुद्दाम छापलं, उपगटांचा धोका कळावा म्हणून. याउलट कानदुखीत दोन वर्षांखालची, दोन्ही कानांना संसर्ग असलेली मुलं किंवा कान वाहणारी मुलं यांना अँटिबायोटिकचा फायदा जास्त होतो, हे अनेक चाचण्यांमधल्या एकेका मुलाची माहिती एकत्र करून दिसलं आहे. त्याला वैद्यकीय कारणही आहे. असा उपगट मी मानतो.

अर्धविराम

आभार, बरंच स्पष्ट झालं. पाठदुखी आणि गुडघा राहिले. आणि 'पुरावा नाही' म्हणजे 'उपयोग नाही' असं धरायचं का?

तळटीप

नाही, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाचणी लहान असेल आणि विश्वासमर्यादा मोठ्या फायद्यापासून मोठ्या तोट्यापर्यंत पसरली असेल, तर काहीच कळलेलं नसतं. अपायांचंही तसंच: १०० जणांत एकालाही त्रास झाला नाही, तरी खरं प्रमाण ३ टक्क्यांपर्यंत असू शकतं. तीन भागिले माणसांची संख्या, हा ठोकताळा लक्षात ठेवा.

पॅरासिटामॉलचं उत्तर मात्र त्यातलं नाही. ऑस्ट्रेलियात नव्याने कंबर धरलेल्या सुमारे १,६५० जणांवर चाचणी झाली, २०१४ मध्ये छापली गेली. नियमित गोळी घेणाऱ्यांना बरं व्हायला १७ दिवस लागले, लागेल तशी घेणाऱ्यांना १७, प्लासिबोवाल्यांना १६. इथे उपयोग नसल्याचा पुरावा आहे, पण तो नव्या कंबरदुखीपुरता. ताप किंवा डोकेदुखीला तो लावू नका.

गुडघ्याची फिनलंडमधली चाचणी मला फार मोलाची वाटते. झिजून फाटलेली गादी (गुडघ्याच्या सांध्यातली कूर्चेची चकती, मेनिस्कस) असलेले, पण संधिवात नसलेले १४६ रुग्ण. निम्म्यांची गादी दुर्बिणीतून खरोखर कापली. बाकीच्यांच्या गुडघ्यात दुर्बीण घातली, पण कापलं काहीच नाही. सर्जन तशीच उपकरणं मागत होता, गुडघा वाकवत होता, पातं काढलेलं शेव्हर (गादी कापायचं यंत्र) बाहेरून वाटीवर दाबत होता, सक्शनचा आवाजही होता आणि रुग्णाला तितकाच वेळ टेबलावर ठेवलं होतं. वर्षभराने गुडघ्याच्या शंभर गुणांच्या मोजपट्टीवर खऱ्या शस्त्रक्रियेत २१.७ गुणांची सुधारणा, खोट्या शस्त्रक्रियेत २३.३. दोन्हीकडे माणसं बरी झाली, म्हणून नुसतं 'ऑपरेशननंतर बरं वाटलं' यावरून काही ठरत नाही. अपघाताने एकाएकी फाटलेली गादी असलेले रुग्ण या चाचणीत घेतलेच नव्हते. तुमचा गुडघा तसा असेल किंवा अडकून सरळच होत नसेल, तर हा निकाल दाखवून सर्जनशी वाद घालू नका.