मदत हवी आहे: पलूस-कडेगावचे जुने निकाल एकाच तक्त्यात कसे बसवू?

नमस्कार मंडळी. गावच्या वाचनालयाची स्मरणिका निघतेय आणि 'विधानसभेला आपला मतदारसंघ आणि आपलं गाव' हे पान माझ्या गळ्यात पडलंय. गाव सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातलं, कृष्णाकाठचं.

पलूस-कडेगाव (क्रमांक २८५) हा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेतला, पहिली निवडणूक २००९ ची. त्याआधी भिलवडी-वांगी. घराणी मात्र तीच दोन, कदम आणि देशमुख. १९८५ ला पतंगराव कदम अपक्ष निवडून आले. १९९५ ला संपतराव देशमुखांनी अपक्ष राहून त्यांना पाडलं, संपतरावांच्या निधनानंतर १९९६ च्या पोटनिवडणुकीत पृथ्वीराज देशमुख आले आणि १९९९ ला परत पतंगराव. पारावर हा सगळा एकाच मतदारसंघाचा इतिहास म्हणून सांगतात. पण तेव्हा जिल्ह्यात नऊ जागा होत्या, आता आठ, म्हणजे हद्दी हलल्याच. तरी एकाखाली एक लिहिलं तर चालेल का?

खरी डोकेदुखी २०१९ ची आहे. पतंगरावांचे चिरंजीव, काँग्रेसचे विश्वजीत कदम १,७१,४९७. दुसऱ्या नंबरवर नोटा ('यापैकी कुणी नाही' हे बटण), २०,६३१. शिवसेनेचे संजय विभुते ८,९७६. 'दुसरा क्रमांक' या रकान्यात काय लिहू? आमचे अण्णा म्हणतात विभुते लिही, नोटा काय उमेदवार आहे का! पण मग त्या वर्षीची गंमतच निघून जाते.

शिवाय गावापुरते, बूथनिहाय आकडे कुठं मिळतील? जाणकारांनी सांगावं.

कोयनाकाठ: बूथनिहाय आकड्यांसाठी 'नमुना २०' शोधा, म्हणजे अंतिम निकालपत्रक. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर अलीकडच्या निवडणुकांचे मिळतात. टपाली मतं त्यात वेगळ्या ओळीत असतात, ती गावात धरू नका. आणि बूथचा नंबर दर निवडणुकीला तोच राहील या भरवशावर राहू नका, त्या त्या वर्षीची मतदान केंद्रांची यादी शेजारी ठेवूनच वाचा. कागदी मतपत्रिकांच्या जमान्यातलं बूथनिहाय काही मिळेल ही आशा फारशी धरू नका. मोजणीआधी वेगवेगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका एकत्र मिसळता येत, कुठल्या गावानं कुणाला दिलं ते कळू नये म्हणूनच. तेव्हाचं "आपल्या गावानं अमक्याला लीड दिलं" हे बरंचसं कार्यकर्त्यांचं गणित.

हळदबाजार: एकाखाली एक लिहा, पण २००४ आणि २००९ च्या मध्ये जाड रेघ मारा. नावं सलग वाचली तरी चालतात, मतांच्या आकड्यांची तुलना रेघ ओलांडून करायची नाही. तुमचं गाव आधी कुठं होतं ते पुनर्रचनेच्या आदेशात बघा, वर्णन तालुका आणि महसूल मंडळांवरून असतं. जुन्यासाठी १९७६ चा आदेश लागेल. पारावर विचारू नका, पलूस तालुकाच मुळात तासगावातून निघालेला, त्यामुळं म्हाताऱ्या माणसांत यावरून भांडणं लागतात.

नोटाचं म्हणाल तर अण्णांचं अर्धं बरोबर. नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तरी निवडून येतो तो उमेदवारच, आणि अनामत वाचायला लागणारा मतांचा एक षष्ठांश काढताना नोटाची मतं वैध मतांत धरत नाहीत. म्हणून 'दुसरा उमेदवार' रकान्यात विभुते, आणि नोटाला स्वतंत्र रकाना. तो २०१४ पासूनच भरेल, नोटा आली २०१३ ला. खाली एक ओळ टाका: २०१४ ला इथं भाजपचे पृथ्वीराज देशमुख दुसरे होते, २०१९ ला भाजप-शिवसेना युतीत जागा शिवसेनेला गेली. त्याच निवडणुकीत लातूर ग्रामीणमध्येही असंच झालं, तिथंही जागा सेनेकडं आणि नोटा दुसरी. एवढं दिलं की वाचणारा काय ते समजतो.

धागाकर्ता: लई उपकार झाले. जाड रेघ मारतोय. अजून एक राहिलं. पतंगरावांच्या निधनानंतर २०१८ च्या पोटनिवडणुकीत विश्वजीत बिनविरोध आले. ती ओळ ठेवू का गाळू? मतंच नाहीत.

हळदबाजार: ठेवा. मतांच्या रकान्यात शून्य घालू नका, 'बिनविरोध' लिहा. शून्य लिहिलंत तर टक्केवारीची सरासरी काढणारा कुणीतरी गावात निघतोच. आणि २०२४ विसरू नका, तेव्हा भाजपचे संग्राम देशमुख समोर होते आणि कदमांचं लीड तीस हजारांच्या आसपास आलं. २०१९ च्या शेजारी ते ठेवलं की अण्णाही नोटाचा रकाना मान्य करतील.