एम८७ दीर्घिका खरंच गोल आहे, की नुसती गोल दिसते? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

दोन महिने आठ इंची डॉबसोनियन दुर्बिणीने कन्या राशीतल्या दीर्घिका धुंडाळतेय. उत्तरा फाल्गुनी आणि विंडेमिआट्रिक्स या ताऱ्यांच्या साधारण मधोमध एम८४, एम८६ ही जोडगोळी दिसते आणि तिथून जरा सरकलं की एम८७. दिसते म्हणजे काय, धुरकट ठिपका! मध्ये उजळ, बाहेर विरत जाणारा, संपतो कुठे ते सांगता येत नाही. रेखाटनाच्या वहीत एक गोल काढला, बोटाने पुसट केला, झालं काम. (घरच्यांना दाखवली की पहिला प्रश्न, "ते कृष्णविवर कुठंय?" एम८७च्या कृष्णविवराच्या २०१९च्या छायाचित्रातल्या त्या नारिंगी कड्याने सगळ्यांना बिघडवलंय.)

माझं घोडं अडलंय वर्गीकरणापाशी. लंबवर्तुळाकार दीर्घिकांचे वर्ग ई० (गोल) ते ई७ (सगळ्यात लांबट). लांब अक्ष १० आणि आखूड ७ असेल तर ई३. एम८७ ई० किंवा ई१, म्हणजे जवळपास गोल. पण हे माप आकाशावर दिसणाऱ्या आकाराचं ना? अंडं टोकाकडून पाहिलं तर तेही गोलच दिसतं. मग साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरची ही दीर्घिका चेंडू आहे की अंडं, हे ठरवतात कसं? आपण काही बाजूला जाऊन पाहू शकत नाही.

दुसरं, १९१८ साली खगोलशास्त्रज्ञ कर्टिसने टिपलेला, एम८७च्या गाभ्यातून निघणारा तो सरळ झोत मला का दिसत नाही?

---

प्रतिसाद १: झोताचा नाद सोडा. त्याची लांबी जेमतेम २० विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) आणि तोही उजळ गाभ्याला चिकटून. आठ इंचीत डोळ्याने नाही दिसायचा. कॅमेरा असेल तर कमी वेळाची छायाचित्रं घ्या. जास्त वेळ दिलात तर गाभा पांढराफटक होऊन झोत गिळून टाकतो.

प्रतिसाद २: प्रश्न अगदी नेमका आहे तुमचा. ई० हा आकार नव्हे, आकाराची सावली. नुसत्या चित्रावरून एकट्या दीर्घिकेचा निकाल लागत नाही, ताऱ्यांचे वेग लागतात. पूर्वी वाटायचं, या दीर्घिका फिरतात म्हणून चपट्या होतात. १९७०च्या दशकात वर्णपट (प्रकाशाची रंगांनुसार फोड, तिच्यावरून वेग कळतो) घेतले तेव्हा मोठ्या दीर्घिका त्या मानाने फारच सावकाश फिरताना आढळल्या. त्यांचा आकार टिकतो तो ताऱ्यांच्या सैरावैरा कक्षांमुळे. एम८७च्या गाभ्याजवळ हा वेगांचा पसारा सेकंदाला ३०० किमीहून जास्त आहे. आता दीर्घिकेवर जागोजागी वर्णपट घ्यायचे, कुठल्या बाजूचे तारे सरासरीने आपल्याकडे येतात आणि कुठले दूर जातात ते मांडायचं, आणि कोणत्या आकारात अशा कक्षा बसतात ते तपासायचं. हवाईच्या केक दुर्बिणीने हेच केलं. २०२३मध्ये निष्कर्ष आला की एम८७चे तिन्ही अक्ष वेगवेगळ्या लांबीचे आहेत. तेव्हा ना चेंडू, ना अंडं. बटाटा म्हणा.

धागाकर्ती: बटाटा! दोघांचेही आभार. म्हणजे पुसट केलेला गोल चुकला नव्हता, त्याखाली मी 'गोल दीर्घिका' लिहिलं ते चुकलं. खोडून 'इथून गोल' केलंय. आता एम८६ काढून बघते, ती मला जरा लांबट वाटली होती.