मदत हवी आहे: कुरिअरने आलेलं अँथुरियम वाचवायचंय

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांपासून मनात असलेलं अँथुरियम क्लॅरिनर्व्हियम (शोभेच्या पानांचं झाड) एका नर्सरीतून कुरिअरने मागवलं. पार्सल सहा दिवस वाटेत होतं. उघडलं तर मुळांभोवती चिंब ओलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) घट्ट गुंडाळलेलं, एक पान पिवळं आणि निम्मी मुळं तपकिरी, बोटाने दाबली की साल सुटून येणारी. बघून फार वाईट वाटलं.

मऊ मुळं स्वच्छ कात्रीने कापली. उरलेली चार मुळं पांढरी, कडक आहेत. रोप सध्या नुसत्या ओलसर परलाइटमध्ये (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे), झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवलंय, ऊन थेट येत नाही. हे झाड मूळचं मेक्सिकोतल्या चुनखडीच्या खडकांवरचं, त्यामुळे मुळांना हवा हवीच, एवढं कळतं. पण डबा रोज उघडायचा का? पिवळं पान आत्ताच काढू की आपोआप वाळू देऊ? आणि झाडाच्या सालीच्या तुकड्यांच्या भरड मिश्रणात कधी हलवायचं?

दुसरं म्हणजे, पुढच्या वेळी ऑर्डर देण्याआधी नर्सरीला नेमकं काय विचारता? मागे 'होया केरी' (हृदयाकृती पानांची वेल) म्हणून मला एकच हृदयाकृती पान आलं होतं. दोन वर्षं हिरवंगार राहिलं, पण पेर (खोडावरची, जिथून नवा फुटवा येतो ती जागा) नसल्यामुळे वेल काही फुटली नाही. तेव्हापासून पेराचा फोटो मागतेच. आता मुळांचाही मागावा का? आणि मुळं मोकळी करून पाठवलेलं रोप बरं की कुंडीसकट?

ज्यांनी असं रोप जगवलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.